फोन करून तपासणी?

बस समोर. आणि ‘सर, माणसं कमी आहेत’ हे आधी गिळून टाक. ते ऐकून कान किटले.

शिरूर, दौंड दोन्ही तालुके तुझ्याकडे. नर्सिंग होमच्या तपासणीला गेलास, तोही आधी फोन करून. फोन केल्यावर कुणाचा दवाखाना घाण सापडतो रे? केबिनमध्ये चहा झाला, फॉर्मवर खुणा झाल्या, गाडी परत. दरपत्रक लावलंय, असं लिहिलंस. कुठे लावलंय? मेडिकलच्या आतल्या भिंतीला, कॅलेंडरच्या आड. 2021 च्या नर्सिंग होम नोंदणी नियमांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायला सांगितली, ती रांजणगावच्या कंपनीत राबणाऱ्या पोराला बिल भरायच्या आधी वाचता यावी म्हणून. नोंदणीच्या प्रमाणपत्रावरची तारीख वाचलीस, की नुसती फ्रेम बघितलीस? मुदत तीन वर्षांची असते, हे तुला पाठ आहे. म्हणूनच चीड येते. ढ असतास तर सोडून दिलं असतं.

मार्च 2025. दौंडचं बोरावकेनगर. कचऱ्यात प्लास्टिकच्या बरण्या, त्यांत अर्भक आणि मानवी शरीराचे अवशेष. दिसल्या कुणाला? लोकांना. धावले कोण? पोलीस. त्याआधी एखाद्या तपासणीत कुणी दवाखान्याच्या मागच्या खोलीचं कुलूप काढायला लावलं होतं का? असला कचरा 48 तासांवर ठेवायचा नाही, पिवळ्या पिशवीत बारकोड लावून द्यायचा, हे 2016 पासून नियमात आहे. तू त्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहून मोकळा होतोस. कुणाचं समाधान?

‘अधिकार वरच्यांचे, आम्ही फक्त अहवाल देतो.’ मग अहवाल तरी खरा दे! वरच्यांना काय स्वप्न पडणार आहे? आत जाऊन नोंदी तपासायची, नोंदणी रद्द करायची तरतूद 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात आहे. कायदा तुझ्या बापाच्या वयाचा. कमी पडतोयस तू.

‘कडक वागलो तर दवाखाने बंद पडतील. रात्री बाळंतीण कुठे न्यायची?’ तुझ्या सगळ्या सबबींत हीच एक ऐकण्याजोगी, म्हणून नीट उत्तर देतो. रात्री दोनला उठून सिझेरियन करणारा, शिकलेल्या नर्सला पुरा पगार देणारा डॉक्टर तुझ्याच तालुक्यात आहे. त्याच्या शेजारी दहावी झालेल्या पोरीच्या हातात सलाईन देऊन कमाई करणाराही आहे. तुझ्या फॉर्मवर दोघांनाही तीच खूण. मग पहिल्याने प्रामाणिक का राहावं? दवाखाने टिकवत नाहीयेस तू, चांगला दवाखाना बुडवतोयस.

भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला आगीत 10 नवजात बाळं गेली, तेही सरकारी रुग्णालयात. त्याच एप्रिलमध्ये विरारला खासगी रुग्णालयात आगीने 15 रुग्ण नेले. तेव्हा जो तो फायर ऑडिटच्या मागे लागला होता. आज तुझ्या हद्दीत किती जिन्यांत जुन्या गाद्या रचल्यात, सांग बरं. गप्प का?

सोमवारी निघ. यवतपासून सुरू कर नाहीतर शिक्रापूरपासून. फोन नाही, चहा नाही. कचऱ्याची खोली आधी उघडायला सांग. नर्सचं नोंदणीपत्र हातात घेऊन वाच. परवानगी किती खाटांची, लावल्या किती, स्वतः मोज. दिसेल तेवढंच लिही आणि त्याखाली पूर्ण नाव घाल. नुसती सही नको.