अस्त्राची परीक्षा

२०२५ सालच्या आषाढी वारीतली गोष्ट. पालख्या वाटेवर होत्या. आमची येवल्याची मंडळी एका गावच्या शाळेत मुक्कामाला उतरली होती. वर पत्र्याचे छप्पर, बाहेर पाऊस, हरिपाठ नुकताच संपलेला. त्या दिवशी, म्हणजे २२ जूनला, अमेरिकेने इराणातल्या फोर्दो आणि नतांझ येथील भूमिगत अणुकेंद्रांवर चौदा बॉम्ब टाकले होते. एकेक बॉम्ब तेरा टनांहून जड, जमिनीत खोल शिरून मग फुटणारा. मंडळीत त्याचीच चर्चा चालली होती.

आमच्याच पेठेतला एक तरुण तेवढा गप्प बसून होता. बाप पैठणीचा माग चालवतो, मुलगा बाहेरगावी एका कारखान्यात लेथवर कातकाम करतो. गळ्यात माळ. सगळे आडवे झाल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "महाराज, आमच्याकडे पोलादाची नळकांडी येतात. बॉम्बची कवचं असतात ती. मी कातून देतो. ही माळ ठेवू, का उतरवून ठेवू?"

आम्ही चटकन म्हणालो, "अरे, अर्जुनाने गांडीव खाली ठेवले का? आपले काम कर, नाम घे, आणि नीज आता." तो पाया पडला आणि निजला. झोप गेली ती आमची. चाळीस वर्षे कीर्तन करणाऱ्याच्या जिभेवर उत्तर तयार असते, आणि तयार उत्तर म्हणजे पुष्कळदा प्रश्न टाळण्याची युक्ती असते. त्या पोराने विचारले होते एक, आम्ही सांगितले भलतेच. लढावे की नाही, हा अर्जुनाचा प्रश्न. हे अस्त्र कुणावर पडेल, हा या पोराचा.

आता हे अस्त्र आहे तरी काय, ते आधी पाहू. साधा बॉम्ब टेकला की फुटतो. हा टेकला तरी फुटत नाही. त्याचे अंग जाड पोलादाचे, लांब आणि निमुळते. वजन पुष्कळ, पोटात दारू त्या मानाने थोडी. आणि स्फोटाची कळ अशी, की ती उशिरा सुटते. खिळा फळीत जावा तसा तो आधी छतात शिरतो, आणि मग आत फुटतो.

१९९१ साली आखाती युद्ध चालू असतानाच असला एक नवा बॉम्ब घाईघाईने तयार झाला. इराकचे काही लष्करी तळ जमिनीखाली इतके खोल होते की हातातले बॉम्ब तिथवर पोचेनात. तेव्हा अमेरिकेच्या वॉटरव्हलीट येथील शस्त्रागारात जुन्या आठ इंची तोफांच्या नळ्या कातल्या, मग त्यांत दारू भरली आणि सुमारे पाच हजार पौंडांचा बॉम्ब केला. फेब्रुवारीच्या १६ आणि १७ तारखेला पहिले दोन नग हवाई दलाच्या हाती आले. २० तारखेला विमानातून पहिली चाचणी झाली. जमिनीवर टाकून पाहिला, तर तो शंभर फुटांहून खोल गेला. २६ तारखेला रुळांवरून काँक्रीटवर आदळून पाहिला, तर वीस फुटांहून जास्त जाडी भेदून गेला. २७ ला दोन बॉम्ब रणभूमीवर पोचले आणि त्याच रात्री बगदादजवळच्या अल-ताजी येथील बंकरवर पडले. एक चुकला, एक लागला. २८ ला युद्ध थांबले. कारागिरांच्या हातांची आणि बुद्धीची कमालच म्हणायची.

पण त्याच महिन्यातली आणखी एक तारीख आहे. १३ फेब्रुवारी. त्या पहाटे बगदादच्या अमिरिया भागातल्या एका बंकरवर दोन बॉम्ब पडले. हे बॉम्ब निराळे, आधीपासून वापरात असलेले. पण जाड छत भेदणारेच. त्यांनी छत भेदले. आपले काम त्यांनी चोख केले. आत चारशेहून अधिक माणसे होती. बायका, मुले, म्हातारी माणसे, बॉम्बच्या भीतीने रात्रीपुरती निजायला आलेली. ती जागा लष्कराचे ठाणे आहे असे आम्ही समजलो, असे अमेरिकेने सांगितले. बांधली होती ती नागरिकांच्या आसऱ्यासाठी.

बघा, सज्जनहो. अमिरियानंतर तीनच दिवसांनी नव्या बॉम्बचा पहिला नग हातात आला. म्हणजे एकाच महिन्यात दोन परीक्षा चालल्या होत्या. छत फुटते का, ही पहिली. ती मातीवर घेतली, काँक्रीटवर घेतली, पुन्हा पुन्हा मोजून घेतली. छताखाली कोण आहे, ही दुसरी. हिला ना वाळवंट लागते ना रूळ. लागते ती चौकशी, धीर आणि स्वतःविषयी शंका. युद्धाच्या घाईत पहिली परीक्षा राहत नाही, कारण ती राहिली तर अस्त्र वाया जाते. दुसरी राहून जाते, कारण ती राहिली तर वाया जाते ते दुसऱ्याचे लेकरू.

येथे शंका अशी येईल की, मग महाराज, आपल्या देशाने अस्त्रे करूच नयेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. तात्या टोपे ज्या येवल्यात जन्मले, त्या गावचे पाणी पिऊन "युद्ध म्हणजे पाप" एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर शत्रू दगडी मोर्चे रचून बसला होता आणि खाली श्रीनगर-लेह रस्त्यावर त्याच्या तोफांचा मारा चालला होता. आपले पाचशेहून अधिक जवान त्या युद्धात कामी आले. तेव्हा पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेत घडलेले 'पिनाक' हे अग्निबाणांचे अस्त्र सैन्यात रीतसर दाखलही झालेले नव्हते. बारा बाण चव्वेचाळीस सेकंदांत सोडणारे हे अस्त्र थेट रणांगणावर नेऊन वापरून पाहिले. नाव शंकराच्या धनुष्याचे, आणि परीक्षा हिमालयात! तेही घाईचेच काम होते. पण त्या उघड्या शिखरांवर गाव नव्हते, शाळा नव्हती, निजलेले लेकरू नव्हते. होता तो हत्यारबंद शत्रू. शिवाय ताबारेषा ओलांडायची नाही, हे बंधन आपल्या सरकारने सैन्याला घातले होते आणि सैन्याने ते पाळले. कारगिल आणि अमिरिया यांतला फरक अस्त्राच्या जोरात नाही. तो दुसऱ्या परीक्षेत आहे.

आपल्या शास्त्रात या दुसऱ्या परीक्षेचा विचार नाही असे कोणी समजू नये. द्रोणाचार्यांनी अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र दिले ते माणसांवर सोडायचे नाही, ही अट घालून दिले. अश्वत्थाम्यालाही तीच ताकीद होती. पण रात्री निजलेल्यांना मारून आलेला तो अश्वत्थामा, भीमाला पाहून भ्याला आणि गवताच्या काडीवर त्याने अस्त्राची योजना केली. अर्जुनानेही अस्त्र सोडले. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येईना, आणि मग त्याने ते वळवले कुठे? पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भावर. उत्तरेच्या पोटातल्या बाळावर!

जगात गर्भाहून सुरक्षित, गर्भाहून खोल जागा कोणती? तिथेही अस्त्र पोचले. 'शरण' या शब्दाचे अमरकोशात दोन अर्थ दिले आहेत, घर आणि रक्षण करणारा. उत्तरेचे घर भेदले जात होते, तेव्हा ती रक्षणकर्त्याकडे धावली आणि भगवंत गर्भात त्या बाळाच्या भोवती उभे राहिले, असे भागवत सांगते. या बाळाचे नाव परीक्षित. गर्भात ज्याला पाहिले तोच हा का, अशी प्रत्येक माणसाची तो परीक्षा करी, म्हणून परीक्षित, असा एक अर्थ भागवतातच आहे. आम्ही हे शेकडो वेळा सांगितले असेल. पण त्या रात्री पत्र्याखाली पडल्या पडल्या त्याचा अर्थ आम्हाला वेगळा लागला. अस्त्राची परीक्षा अस्त्र करणारा घेतो, असे आपण समजतो. खरी परीक्षा त्याची असते, जो अस्त्राच्या वाटेत निजलेला असतो आणि वाचला तर प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत फिरतो.

चंद्रभागेच्या वाळवंटात त्या पोराला आम्ही बाजूला घेतले. म्हटलं, "बाबा, त्या रात्री आम्ही घाईने बोललो, ते सोड. तुझ्या वडिलांची पैठणी बघ. उलट बाजूनेही पदरावरचा मोर मोरच दिसतो. तुझे काम तसे दोन्ही बाजूंनी बघत जा. वरून बघ आणि छताखालूनही बघ. माळ उतरवू नकोस. माळ म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. ती रोज जाब विचारणारी आहे. ती उतरलीस तर विचारणारे कोण उरले? काम चोख कर, कारण वाकडे कातलेले कवच वाट चुकून भलत्यावर पडेल. आणि एखाद्या दिवशी तुला कळलं की आपलं कातलेलं मुलाबाळांच्या आसऱ्यावर चाललंय, तर त्या दिवशी लेथ बंद कर. तुझ्या भाकरीचं आम्ही सगळी दिंडी मिळून बघू."

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "पण महाराज, मला कळणार कसं? कवचावर कुणाचं नाव नसतं."

सज्जनहो, याला उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. एवढेच समजले की जे त्याला कळू शकत नाही, ते ज्यांना कळू शकते त्यांच्यावर त्याचा भार जातो. हुकूम देणाऱ्यावर जातो, नकाशावर बोट ठेवणाऱ्यावर जातो. आणि थोडा आमच्यावर, तुमच्यावरही येतो. १९९१ साली आम्ही तिशीत होतो. छतावर नेमके पडणारे बॉम्ब दूरदर्शनवर पाहून चावडीसमोर आम्हीही "वाहवा" म्हणालो होतो. छताखाली कोण होते, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

यापुढे अशी बातमी कानी आली की टाळी वाजवण्याआधी तेवढे विचारावे. आमची टाळी टाळांसाठी राखून ठेवावी. रामकृष्णहरी!