लेखनक्रिया आणि परमार्थ

समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. ब्रह्म, माया आणि विवेक यांत रमलेला ग्रंथ इथे शाई-कागदाच्या गोष्टी सांगू लागतो. अक्षर गोल, मोकळे आणि काळेभोर असावे. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथे पडावी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही.

परमार्थाच्या ग्रंथात याला जागा का मिळाली? लिहिताना चित्त एकाग्र होते, हे उत्तर पटकन सुचते. पण समासाचा भर त्यावर नाही. त्यातल्या बहुतेक सूचना वाचणाऱ्याकडे आणि ग्रंथाच्या आयुष्याकडे पाहून केल्या आहेत. पुढची पंचाईत मात्र खरी आहे. असे लेखन पाहून इतरांना हेवा वाटावा, लिहिणाऱ्याला भेटावेसे वाटावे, असेही समर्थ सांगतात. वैराग्याशी हे जुळवणे सोपे नाही, आणि समर्थांनी ते जुळवण्याचा आटापिटाही केलेला नाही. कीर्ती उरावी, पण देह झिजवून, एवढीच त्यांची अट दिसते. ग्रंथाच्या आयुष्याची ही काळजी वायाही गेली नाही. समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानली जाणारी डोमगावची प्रत टिकली, म्हणूनच धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांना 1905 साली तिच्या आधारे दासबोध छापता आला.

समर्थांनी सांगितलेले हे वळण बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीचे. त्याच काळात दफ्तरांत मोडी चाले. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचे. त्यामुळे हात झपाझप चालतो. बदल्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सुटतो, शब्दही वेगळे तोडले जात नाहीत. हा भार वाचणाऱ्यावर पडतो. पण दफ्तरातल्या वाचणाऱ्याला प्रकरण ठाऊक असते, त्यामुळे त्याचे अडत नाही. पोथी कोणाच्या हाती पडेल हे मात्र सांगता येत नाही. म्हणून या दोन लिपींत पवित्र-अपवित्र असा भेद शोधण्याचे फारसे कारण नाही. भेद आहे तो वाचणारा ओळखीचा की अनोळखी, एवढाच.

शिकवण्यात समोरच्याकडे पाहून लिहिण्याचा हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. पंतोजी कित्ता काढून देत आणि मूल तो गिरवी. तुकोबांच्या एका अभंगात संतांच्या आचरणाला हाच दाखला आहे: पंतोजी पाटी हाती धरतात ती लेकरासाठी. स्वतः त्यांना अक्षर गिरवण्याची गरज उरलेली नसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रहाचा विचारही हाच. ज्याला कर्मातून काही मिळवायचे नाही, त्यानेही ते नीट करावे, कारण लोक त्याच्यामागून चालतात. मोडीसारख्या अक्षराला अक्षर जोडणाऱ्या, धावत्या लिपीत असे गिरवून दाखवणे अधिक कठीण होते. सराईत हात वळणे आपोआप घेतो. बोरू कुठे टेकला आणि कुठून फिरला, हे त्याच्या धन्यालाही सांगता येत नाही. शिष्यापुढे त्याला एकेक वळण सुटे करून, सावकाश काढावे लागते. आपले कसब काही वेळ बाजूला ठेवणे हा अहंकारावरचा बऱ्यापैकी कडक उपाय आहे; नुसत्या सुंदर अक्षराने तो साधेलच असे नाही.

मोडीचा रोजचा वापर विसाव्या शतकात संपला. पुण्याच्या पेशवे दफ्तरासारख्या संग्रहांतले कागद वाचण्यासाठी तिचे वर्ग आजही भरतात. तिथे येणाऱ्यांना मोडीत काही लिहायचे नसते, केवळ वाचायचे असते. तरीही त्यांना ती गिरवावी लागते. हात कसा फिरला हे कळल्याशिवाय एकमेकांत गुंतलेली अक्षरे डोळ्यांना सुटी होत नाहीत.