पहिली निवड

भोपाळच्या चौक बाजारात एका शेठजींची कापडाची पेढी होती आणि पदरी हॉकीचा एक संघ होता. पेढी नफ्यात चाले, संघ हरण्यात. शहरातल्या आठ संघांच्या स्पर्धेत शेठजींचा संघ आठवा आला, आणि त्याच्या जेमतेम वर, सातवा, तात्या टोपे नगरातल्या एका निवृत्त मराठी मास्तरांचा. मास्तरांपाशी पैसा नव्हता. थोडी वर्गणी, काही जुने विद्यार्थी आणि स्वतःची पेन्शन एवढ्यावर त्यांचा कारभार होता.

भोपाळात हॉकी हरून बाजारातून मान वर करून जाणे अवघड. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघात असलेले अहमद शेर खान या गावचे. १९४८ साली लंडनहून सुवर्णपदक घेऊन आलेले लतीफ-उर-रेहमान आणि अख्तर हुसेन या गावचे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला गेलेले इनाम-उर-रेहमानही इथलेच. त्यामुळे पानाच्या टपरीवर, सुलेमानी चहाच्या दुकानात, जो तो सल्ला द्यायला टपलेला. ‘को खाँ, फिर हार गए?’ हे ऐकून ऐकून शेठजींचे कान किटले होते.

शेवटी शेठजींच्या मुलाने स्पर्धेच्या समितीपुढे एक तोडगा मांडला. दरवर्षी ऐशबागच्या मैदानावर नव्या पोरांची चाचणी घ्यावी, आणि जो संघ तळाला असेल त्याला सगळ्यांआधी आपला खेळाडू निवडू द्यावा.

“अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९३६ पासून हेच चालतं,” तो म्हणाला. “फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल यांची कल्पना. त्यांचा संघ तळाला होता, म्हणून पहिली निवड त्यांनाच मिळाली.”

“मग त्यांनी कोणाला घेतलं?” मास्तरांनी विचारले.

“जे बरवँगर. त्या वर्षीचा कॉलेजातला सगळ्यात गाजलेला खेळाडू.”

“आणि तो किती सामने खेळला?”

मुलाने फोन काढून पाहिले आणि थोडा ओशाळला. बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. पैशांचे जमले नाही, त्याने दुसरा कामधंदा धरला. समितीत हशा पिकला. पण तोडगा न्याय्य वाटला आणि मंजूर झाला.

चाचणीच्या दिवशी सीहोरकडच्या एका खेड्यातून सतरा वर्षांचा एक पोरगा आला. त्याच्या स्टिकला चेंडू असा चिकटे की तीन-तीन बचावपटू मागे पडत. शेठजींनी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेसुद्धा नाही. पोराच्या गळ्यात हार घातला, पेपरात फोटो आला, आणि त्याच संध्याकाळी शेठजींनी खर्चाचा हिशेब मांडून आपल्या चौतिशीतल्या सेंटर हाफला निरोप दिला. या सेंटर हाफला सगळा संघ ‘बडे भाई’ म्हणे. त्याचा वेग गेला होता. गोल तर त्याने कित्येक दिवसांत केला नव्हता.

ऐशबागच्या बाकावर एक म्हातारे उस्ताद बसलेले असत. अनेक पिढ्यांना त्यांनी स्टिक धरायला शिकवले होते. ते शेठजींना म्हणाले, “पोरगा छान निवडलात. पण मैदानावर त्याच्या शेजारी कोण उभा राहणार?”

“शेजारी कशाला हवा, उस्ताद? एकटा सगळ्यांना पुरून उरेल.”

उस्ताद काही बोलले नाहीत. मास्तरांनी मात्र बडे भाईला गाठले. “देण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. पण संघ तुमचा समजा,” ते म्हणाले. बडे भाई आला.

स्पर्धा सुरू झाली. शेठजींचा हुकूम होता की प्रत्येक चेंडू नव्या पोराकडे जायला हवा. पहिल्या सामन्यात त्याने एक सुरेख गोल केला आणि गाव खूश झाले. दुसऱ्या सामन्यापासून समोरच्यांनी त्याच्यावर दोन-दोन माणसे घातली. पोरगा दोघांना चुकवी आणि तिसऱ्याच्या अंगावर जाई. चेंडू सोडायचा कधी आणि कोणाला, हे सांगणारे मैदानावर कोणीच नव्हते. जुने खेळाडू रुसले होते. सगळे कौतुक एकाचे, तर धावपळही त्यानेच करावी, असे त्यांना वाटे. चौथा सामना हरल्यावर शेठजींनी त्याला बाकावर बसवले आणि सहाव्यानंतर घरी पाठवले. “माल खोटा निघाला,” असे ते पेढीवर सांगत.

उस्ताद त्या पोराला हाताला धरून मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तर कचरले. “उस्ताद, आम्ही आधीच सातवे. शेठजींनी टाकलेला पोरगा घेतला तर लोक हसतील.”

“बसा,” उस्ताद म्हणाले. “अस्लम शेर खानची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पण तिचा अर्धा भाग लोक सांगतच नाहीत.

“१९७५ चा विश्वचषक, क्वालालंपूर. उपांत्य सामना यजमान मलेशियाशी. आपण १-२ ने मागे आणि सामना संपायला पाच मिनिटं राहिलेली. पेनल्टी कॉर्नर मिळाला. आपला अस्लम राखीव खेळाडूंत बसलेला, वय एकवीस. त्याला आत पाठवलं. त्यानं गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि चेंडू गोलात घातला. जादा वेळेत हरचरण सिंगनं गोल केला आणि आपण अंतिम सामन्यात गेलो. इथपर्यंत सगळे सांगतात.”

“मग राहिलं काय?”

“पेनल्टी कॉर्नर एकट्याचा असतो का, मास्तर? गोलाच्या बाजूला, मागच्या रेषेवरून कोणीतरी चेंडू ढकलतो. डीच्या टोकाला कोणीतरी तो जागच्या जागी थांबवतो. मग तिसरा मारतो. थांबवणाऱ्याच्या हातून चेंडू इंचभर निसटला असता तर आज अस्लमचं नाव घ्यायला कोणी नसतं. शिवाय तो काही आकाशातून पडला नव्हता. बर्लिनला गेलेल्या अहमद शेर खानचा तो मुलगा. १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकच्या संघात जाऊन आलेला. त्याला कधी बसवायचं आणि कधी उठवायचं, हे कळणारी माणसं संघाबरोबर होती. नवा पोरगा संघाला वाचवतो हे खरं. पण ज्या संघाला चेंडू थांबवता येतो, त्यालाच.”

मास्तर गप्प झाले. उस्तादांनी पुढचा धागा काढला. “त्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाकिस्तानशी झाला. आपण २-१ ने जिंकलो. विजयी गोल कोणाचा?”

“अशोक कुमार. ध्यानचंदांचे चिरंजीव.”

“तेच अशोक कुमार पुढे भोपाळच्या राज्य अकादमीत प्रशिक्षक झाले. तुमच्या महाराष्ट्रात, अकोल्याला, एका स्पर्धेत त्यांना इटारसीजवळच्या खेड्यातला एक पोरगा दिसला, विवेक सागर प्रसाद. ते त्याला अकादमीत घेऊन आले. २०१५ साली त्याला जबर दुखापत झाली, जिवावर बेतलं. शेठजींसारखा कोणी असता तर तेव्हाच म्हणाला असता, माल खोटा निघाला. तसं कोणी म्हटलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये, अठराही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, तो भारताकडून खेळला. त्याच वर्षी ब्रेडाला, चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा बरोबरीचा गोल त्याचा. मग टोकियोचं कांस्यपदक, पॅरिसचं कांस्यपदक. अकोल्यात त्याला निवडायला किती वेळ लागला असेल? एक सामना. आणि घडवायला? मोजा तुम्हीच.”

मास्तरांनी पोराला ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी खाताना मास्तरांनी त्याला सांगितले, “या मोसमात तुला गोल करायचा नाही.”

पोरगा चमकला. “मग काय करायचं, सर?”

“भाईच्या शेजारी राहायचं. तो सांगेल ते.”

बडे भाईने त्याला एकच गोष्ट शिकवली. चेंडू येण्याआधी मान वळवून पाहायचे: आपला कोण मोकळा आहे, आणि आपल्यावर कोण येतो आहे. “तू दोघांना चुकवतोस तेव्हा तिसरा येतो,” भाई म्हणाला. “तू दोघांना फक्त बोलावून घे. ते आले की आपला एक माणूस मोकळा झालाच. चेंडू त्याला दे. तू चुकवलंस तर टाळ्या तुला. तू दिलास तर गोल आपला.”

मास्तर त्याला एका सामन्यात दहाच मिनिटे खेळवीत आणि मग बाकावर बोलावून विचारीत, “आत्ता कोण मोकळा होता?” आधी पोराला सांगता येईना. पुढे पुढे तो न विचारता सांगू लागला.

मोसम संपला तेव्हा मास्तरांचा संघ पुन्हा सातवाच होता. वर्गणी देणारे कुरकुरले. “पोरगा घेऊन फरक काय पडला?”

मास्तरांनी तोवर अमेरिकेतली ती सगळी माहिती शेठजींच्या मुलाकडून मागवून नीट वाचली होती. “ऐका,” ते म्हणाले. “इंडियानापोलिस कोल्ट्स नावाचा संघ १९९७ साली सोळांपैकी तीन सामने जिंकला. तळाला होता म्हणून १९९८ ची पहिली निवड त्याला मिळाली. त्यांनी पेटन मॅनिंगला घेतलं. त्या वर्षी त्याच्या अठ्ठावीस फेकी विरोधकांनी मधेच झेलल्या, आणि संघ पुन्हा तीनच सामने जिंकला. मोजणाऱ्यानं म्हटलं असतं, काहीच फरक नाही. तरी त्यांनी त्याला प्रत्येक सामन्यात खेळवलं. पुढच्या वर्षी तोच संघ सोळांपैकी तेरा सामने जिंकला. आपल्याला तेरा नकोत, पण दुसरं वर्ष तरी येऊ द्या.”

दुसऱ्या वर्षी शेठजींनी पुन्हा पहिली निवड केली. या वेळी उंचापुरा फुलबॅक घेतला आणि त्याला जागा करण्यासाठी दोन अनुभवी बचावपटू काढून टाकले. फुलबॅक दमदार होता, पण त्याच्या मागे कोणी उरले नव्हते. एकदा तो चुकला की गोल ठरलेला. मोसमाच्या मध्यावर त्याचीही रवानगी झाली.

मास्तरांचा आणि शेठजींचा सामना शेवटच्या आठवड्यात आला. शेठजींनी जुन्या पोरावर दोन माणसे घालायला सांगितले. त्याची खोड त्यांना ठाऊक होती. चेंडू आला. दोघे धावले. पोराने मान आधीच वळवलेली होती. दोघे पोचण्यापूर्वी चेंडू डावीकडे गेला होता, आणि तिथे मास्तरांचा एक साधासुधा विंगर एकटाच उभा होता. असे त्या दिवशी तीनदा झाले. गोल तिघांनी केले, पोराच्या नावावर एकही नाही. बडे भाई तेव्हा राखीव बाकावर बसला होता. शेवटच्या पंधरा मिनिटांपुरते मला उतरवा, असे त्यानेच मोसमाच्या सुरुवातीला सांगून टाकले होते.

मास्तरांचा संघ त्या वर्षी तिसरा आला. अजिंक्यपद काही मिळाले नाही. पण आधीच्या वर्षीचे तेच अकरा-बारा लोक, त्यातला एकही खेळाडू नवा विकत घेतलेला नाही, आणि सगळे आधीपेक्षा बरे खेळू लागले होते. विंगर बरा झाला, कारण त्याला चेंडू वेळेवर मिळू लागला. गोलरक्षक बरा झाला, कारण त्याच्यावर हल्ले कमी येऊ लागले. पोरगा बरा झाला, कारण भाई होता. आणि भाईची दोन वर्षे वाढली, कारण त्याच्या वाटचे धावायला पोरगा होता.

शेठजींचा संघ आठवा आला. म्हणजे तिसऱ्या वर्षीची पहिली निवडही त्यांचीच.

चाचणीच्या सकाळी ते उस्तादांच्या बाकापाशी येऊन बसले. या खेपेला हार आणला नव्हता. “उस्ताद, तुम्हीच सांगा, यातला कोणता पोरगा घेऊ? दोन वेळा सगळ्यात चांगला घेतला. दोन्ही वेळा बुडालो.”

“निवड तुमची दोन्ही वेळा बरोबर होती,” उस्ताद म्हणाले. “तोच पोरगा मास्तरांकडे गेला आणि तिसऱ्या नंबरावर पोचला. तेव्हा खोट पोरात शोधू नका. तुमचा संघ आठवा का आला, ते आधी पाहा. ज्या कारणानं आठवा आला, त्याच कारणात तुम्ही दरवर्षी एक नवा पोरगा नेऊन सोडता. तो त्या कारणाला हरवत नाही. ते कारण त्याला हरवतं.”

“मग नव्यांना घ्यायचंच नाही?”

“घ्यायचं. नवं रक्त नसेल तर संघ म्हातारा होऊन मरतो. पण घेण्याआधी तीन नावं ठरवा. याच्या शेजारी कोण उभा राहील, याला शिकवील कोण, आणि हा चुकेल तेव्हा याची बाजू कोण घेईल. तिन्ही नावं असतील तर मैदानावरचा कोणताही पोरगा घ्या. नसतील तर ती तीन माणसं आधी आणा; त्यांच्यासाठी काही पहिली निवड लागत नाही. बडे भाई तुम्ही फुकट सोडला होता.”

त्या वर्षी शेठजींनी आपल्या पाळीला उठून सगळ्यांदेखत विचारले, की आधी एक अनुभवी हाफ मिळवण्यासाठी माझी पहिली निवड कोणाला देता येईल का? समितीत पुन्हा हशा पिकला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी आपला बडे भाई पोरांना शिकवायला आठवड्यातून दोन दिवस शेठजींकडे पाठवायचे कबूल केले.

तात्पर्य: नवखा खेळाडू संघाला वर नेऊ शकतो, पण आधी संघाने त्याला उभे करावे लागते. चांगला माणूस निवडणे एका दिवसाचे काम आहे. त्याच्या पहिल्या चुकांचे वर्ष सोसणे आणि त्याच्या शेजारी जाणता माणूस टिकवणे, हे ज्याला जमत नाही, त्याच्या वाट्याला पहिली निवड दरवर्षी येत राहते.