मीटर घ्यावा, तोडण्याचा अधिकार देऊ नये

माधवनगरात सध्या पेठेत, कॉलन्यांत, मागाच्या शेडमध्ये एकच विचारणा आहे: कंत्राटदाराची माणसे जुना मीटर काढून स्मार्ट मीटर लावायला आली तर लावू द्यायचा का? सांगली-तासगाव रस्त्यावरच्या या गावाचे विजेशी नाते दिव्या-पंख्यापुरते कधीच नव्हते. कॉटन मिल बंद पडली, यंत्रमाग राहिले, आणि लाइट गेली की मागावरच्या माणसाची मजुरी तिथेच थांबते. त्यामुळे इथला माणूस मीटरबद्दल बोलतो तेव्हा पोटाबद्दल बोलत असतो. कोणी म्हणतो, नवा मीटर पळतो. कोणी म्हणतो, काळ बदलला, अडवून काय मिळणार? या दोन्ही बोलण्यांत खरा प्रश्न मागेच राहतो असे मला वाटते.

पळणाऱ्या मीटरचे आधी पाहू. जुना मीटर संथ झालेला असेल तर नवा अचूक असूनही बिल वाढते, आणि नव्यातही दोष असू शकतो. पण या शंकेला नियमात उत्तर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. रीडिंग आपल्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली की वीज कंपनीने पाच दिवसांत जादा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने आकडे ताडून पाहायचे. हा हक्क मागून घ्यावा लागतो, एवढेच.

नव्या मीटरचे काही फायदे खरेच आहेत. दाराला कुलूप दिसले म्हणून सरासरीचे बिल येणे आणि पुढे दुरुस्तीसाठी खेटे घालणे हा त्रास आपल्याकडे घरोघरी आहे. तो कमी होईल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, सांगलीचे कित्येक भाग अंधारात गेले. अशा वेळी कोणत्या गल्लीत पुरवठा नाही हे कार्यालयात बसून कळणे मोलाचे आहे. छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यालाही दिलेल्या-घेतलेल्या युनिटांचा चोख हिशेब हवाच असतो.

मीटर फुकट आहे, हे मात्र मला पटत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामे चार कंपन्यांना दिली. एकूण रक्कम सुमारे 27 हजार कोटी, म्हणजे मीटरमागे, दहा वर्षांची देखभाल धरून, 12 हजारांच्या घरात. केंद्राचे अनुदान 15 टक्के, तेही मीटरमागे जास्तीत जास्त 900 रुपये. उरलेले 11,100 रुपये दहा वर्षांच्या 120 महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण 92 रुपये होतात. ही रक्कम बिलात वेगळ्या ओळीत दिसणार नाही, कंपनीच्या खर्चात शिरून दरात उतरेल. आता दुसरी बाजू: 1 जुलै 2025 पासून, असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आहे. 80 पैशांच्या दराने 92 रुपये भरून काढायला महिन्याला 115 युनिट दिवसाच वापरायला हवेत. ज्या घरातली दोघे दिवसभर कामावर आणि मुले शाळेत असतात, ज्यांचा महिन्याचा सगळा वापरच शंभर युनिटांचा, त्यांनी हे कसे जमवायचे? कंपनी म्हणेल, गळती घटेल, वसुली वाढेल, त्यातून खर्च निघेल. पण वसुलीच्या बाबतीत कोल्हापूर-सांगलीचा पट्टा आधीपासून चांगला मानला जातो. जिथे गळती मुळात कमी, तिथल्या ग्राहकाला या खर्चाचा परतावा कमीच मिळणार.

तरीही केवळ खर्चासाठी मी मीटर नाकारला नसता. माझी काळजी मीटरच्या पोटात बसवलेल्या स्विचची आहे. कार्यालयातून हुकूम आला की तो घराचा पुरवठा तोडतो, आणि मीटर प्रीपेड असेल तर शिल्लक संपली की. जून 2024 मध्ये, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असे जाहीर केले. त्याआधी इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि वीज ग्राहक संघटनांनी राज्यभर विरोध उभा केला होता. पुढे मीटर आले ते टीओडी (वेळेनुसार दराचे) या नावाने आणि पोस्टपेड म्हणून. पण असा मीटर पोस्टपेडचा प्रीपेड करायला कोणी घरी यावे लागत नाही, दुरूनच रचना बदलता येते. शिवाय डिसेंबर 2020 चे केंद्राचे ग्राहक हक्क नियम प्रीपेडचाच आग्रह धरतात, सूट द्यायचा अधिकार राज्याच्या वीज नियामक आयोगाला ठेवतात. म्हणजे मंत्र्यांची घोषणा आणि कागदावरचा नियम यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपल्या भिंतीवर टांगलेले राहणार आहे.

विद्युत कायदा 2003 चे कलम 56 सांगते की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. महिनाभर वापर, मग बिल, मग भरण्याची मुदत, मग नोटीस. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला ही मिळालेली उसंत आहे. ती कंपनीची मेहेरबानी नव्हे, कारण कंपनीकडे आपली सुरक्षा ठेव आधीच जमा असते. प्रीपेडमध्ये ठेव परत मिळेल, कायद्यात तशी तरतूद आहे. पण शिल्लक संपली की मोबाइलवरचा संदेश हीच नोटीस होईल. ज्या म्हातारीचा फोन मुलाकडे पुण्यात आहे, तिला तो कसा मिळणार?

जुन्या पद्धतीत मला सर्वात मोलाचा वाटतो तो वायरमन. तो तोडायला येतो तेव्हा दारात उभा राहतो. आत कोणी आजारी आहे का, बारावीची परीक्षा चालू आहे का, हे त्याला दिसते. "सोमवारी भरतो" या शब्दावर तो कितीदा परत जातो! ही माणुसकी कुठल्याच नियमावलीत लिहिलेली नाही. यावर खरा आक्षेप असा की वायरमन सर्वांशी सारखा वागत नाही. वजनदार माणसाची थकबाकी वर्षे राहते, विधवेची जोडणी आधी तुटते. हे मी अनेकांकडून ऐकले आहे आणि ते खोटे नाही. पण यंत्राची समानता खिशाच्या बाबतीत समान असणाऱ्यांपुरतीच असते. श्रीमंताच्या खात्यात पैसे आपोआप भरले जातात, अंधार फक्त दुसऱ्याच्या घरी होतो.

ब्रिटनने हे अनुभवले आहे. तिथे थकबाकी असलेल्या घरांत प्रीपेड मीटर जबरदस्तीने बसवले जात आणि स्मार्ट मीटर दुरूनच प्रीपेड केले जात. घरात लहान मुले आणि आजारी माणसे असतानाही जबरदस्ती होते, हे फेब्रुवारी 2023 मध्ये एका वृत्तपत्राने उघड केले आणि नियामकाला ती थांबवावी लागली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात 12 ऑगस्ट 2020 रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, चुकीच्या हुकुमामुळे दीड लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज एकाच वेळी गेली. त्यांत बिल भरलेलेही होते. एका वायरमनची चूक एका घरापुरती राहते, मध्यवर्ती यंत्रणेची चूक अनेक शहरांवर पडते.

गोपनीयतेचा मुद्दाही हलका नाही. अर्ध्या अर्ध्या तासाचा वापर म्हणजे घर कधी उठते, कधी रिकामे असते, याचा आराखडा. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने याच कारणासाठी 2009 मध्ये सक्ती नाकारली. आपल्याकडे ही माहिती किती काळ ठेवायची, कोणाला द्यायची, हे ग्राहकाला बिलासोबत छापून मिळायला हवे.

मी मीटर बसवू देणार आहे. बसवताना जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा आणि सीलचा फोटो काढीन, शंका आली तर जादा मीटर मागीन. आणि उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेईन: माझ्या संमतीशिवाय हा मीटर प्रीपेड करू नये. एकट्याच्या अशा अर्जाला फार बळ नसते, हे खरे. पण दराचा निर्णय महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे होतो आणि त्याच्या सुनावणीत कोणत्याही ग्राहकाला लेखी सूचना-हरकती देता येतात. यंत्रमागवाल्यांच्या संस्थांनी, कॉलन्यांच्या मंडळांनी, ग्रामपंचायतीने तिथे एकच मागणी धरावी: स्विचचा ताबा कार्यालयाकडे राहो, पण थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची कागदी नोटीस घरी पोचावी आणि कर्मचाऱ्याने दारात येऊन घरातल्या माणसाची सही घ्यावी, ही अट वीजपुरवठा संहितेत लिहिली जावी.