बिबट्याची वहिवाट

दोन राखीव जंगलांना जोडणाऱ्या जमिनीच्या पट्ट्याला पर्यावरणीय संचारमार्ग म्हणतात. प्राणी तिथे सहसा मुक्काम करत नाहीत, तिथून जातात. जंगलाला हद्द असते, फलक असतो, वनरक्षक असतो; वाटेला यांतले काहीच नसते. म्हणून संचारमार्गाचा प्रश्न जीवशास्त्रापुरता राहत नाही. जो राहत नाही, नुसता जातो, त्याचा त्या जमिनीवर काही हक्क लागतो का, असा तो धर्मविचाराचाही प्रश्न होतो.

ठाण्याच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. ते २००३ मध्ये घोषित झाले. दोहोंच्या मधे घोडबंदर रस्ता, नागला बंदराकडचे जंगल आणि खाडी. ठाण्यातले बाळकुम हे गाव या पट्ट्याच्या पूर्व कडेला येते. या गावाच्या अंगणाशी खाडी आणि कांदळवन, समोर कशेळी पुलावरून भिवंडीला जाणारा रस्ता, डोक्यावर मेट्रोचे खांब. ठाणे खाडीच्या कांदळवनात कोल्हे वावरतात, म्हणजे पाणथळ काठही कुणाची तरी वाटच आहे.

वाट तुटली की जंगलाचे बेट होते. मॅकआर्थर आणि विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेल्या बेटांच्या सिद्धांताचा मथितार्थ असा की बेट जितके लहान आणि एकाकी, तितक्या कमी जाती तिथे टिकतात. शिवाय बाहेरून नवे रक्त आले नाही तर जवळच्या नात्यांतच प्रजनन होऊ लागते. ही हानी डोळ्यांना दिसत नाही. त्या दिवशी कुणी मरत नाही.

अहिंसेची परंपरागत मांडणी इथेच अडते. एकनाथांनी काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजल्याची कथा घरोघरी माहीत आहे. पण ते गाढव समोर होते, तहानेने तळमळत होते. संचारमार्ग बुजला तर ज्यांचे नुकसान होते ती पिले अजून जन्मलेलीही नसतात. जैन आचारात पाऊल टाकतानाही सूक्ष्म जिवाची काळजी घेतली जाते. तिथेही नजर असते ती पावलाखाली येऊ शकणाऱ्या जिवावर. कुंपण घालणाऱ्याच्या हातून कोणत्याही जिवाला थेट इजा होत नाही. दयेला डोळ्यांपुढे कुणीतरी लागते, आणि वाटेवर बहुतेक रात्री कुणीच नसते.

त्यापेक्षा शेतकऱ्याला ठाऊक असलेला एक शब्द अधिक कामाचा आहे: वहिवाट. जमीन दुसऱ्याची, पण पिढ्यान्‌पिढ्या जाण्यायेण्याचा रस्ता आपला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वापराने असा हक्क मिळतो, आणि शेताकडे जाणारी वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मालकी नसतानाही हक्क असू शकतो, हे या मुलखाला नवे नाही. अडचण एवढीच की बिबट्या दावा दाखल करत नाही.

त्याने पुरावा मात्र दिला आहे. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला एक नर बिबट्या गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आला. संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचा माग ठेवला. मुंबई–आग्रा महामार्ग, रेल्वे आणि वसईची खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. ‘आजोबा’ या नावाने तो ओळखला गेला. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या एका मॉलच्या वाहनतळात बिबट्या आढळला, तेव्हा तो शहरात ‘घुसला’ असेच बोलले गेले. क्रियापदानेच मालकी ठरवून टाकली.

वारली आणि महादेव कोळी समाजांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. त्यांचा वाघोबा, ज्याच्यात वाघ आणि बिबट्या दोघेही येतात, पुष्कळदा गावाच्या शिवेवर किंवा जंगलाच्या वाटेवर बसलेला असतो. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करून त्याला नैवेद्य दिला जातो. देवराई जागा राखते. वाघोबा देवाणघेवाण राखतो: तू तुझ्या वाटेने जा, आमच्या गुराला हात लावू नकोस. ही भक्ती प्रेमाची नाही, भयाची आहे, आणि तिला निसर्गप्रेमाचे गोंडस नाव देणे हा अन्यायच होईल. बळी गेलेल्या शेळीचे दुःख वाघोबा पुसत नाही. पण जाणारा येणारच, हे त्यात आधीच मान्य केलेले असते.

कायद्याला एवढे पुरत नाही, त्याला नकाशावर रेघ लागते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निलगिरीतल्या सिगूर पठारावरचा हत्तींचा मार्ग उचलून धरला आणि त्यात उभ्या राहिलेल्या रिसॉर्टांच्या मालकांचे म्हणणे फेटाळले. पेंचजवळ नागपूर–सिवनी महामार्ग उचलून खालून प्राण्यांना वाट दिली गेली, आणि वाघ तिथून जाताना कॅमेऱ्यांत दिसले. हत्तींचे कळप ठरावीक मार्ग धरतात, पेंचलाही पुलाखालची जागा ठरलेली आहे. घोडबंदरच्या पट्ट्यातला बिबट्या आज नाल्यातून, उद्या एखाद्या सोसायटीच्या भिंतीलगत जातो. त्याच्या वहिवाटीला गट क्रमांक नाही.