तलावाकाठची ओळख

पाटोद्यात नव्याने राहायला आलेल्या चित्रकाराने सामान लावून झालं की आधी रंगपेटी घ्यावी आणि भल्या पहाटे जवळच्या तलावाकाठी जाऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

तलाव चित्रकाराला कसा जीव लावतो, हे आबालाल रहिमान यांच्याकडे पाहून कळतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांचे ते दरबारी चित्रकार. पण त्यांचा जीव रमला तिथल्या रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांच्या पाण्यात. १९३१ साली ते गेले. रंकाळ्यातली संध्यामठ ही वास्तू आजही त्यांच्या चित्रामुळे आठवतो.

आपला पाटोदा बालाघाटच्या डोंगररांगांतला. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, तरी उन्हाळ्यात इथले तलाव आटतात. श्रावणातलं गढूळ पाणी, मार्गशीर्षातलं निवळशंख, वैशाखात भेगाळलेला गाळ आणि उरलेल्या डबक्याशी आलेली गुरं... एकाच जागेची किती चित्रं! आटलेला तळसुद्धा रंगवावाच.

काठावर धुणं धुणारी एखादी मावशी विचारेल, "कुठले हो तुम्ही?" तेव्हा कुंचला बाजूला ठेवा, तिच्याशी बोला. तलाव पूर्वी कुठवर भरायचा, हे तीच सांगेल.

आणि पालकहो, येत्या रविवारी मुलांच्या हाती कागद-रंग द्या, त्यांना तलावावर घेऊन जा.