न दुखणारी जखम

एका अवयवाची व्यथा ही अवघ्या शरीराची व्यथा होय, हा दाखला प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीपुढे ठेवला. परंतु वाचकहो, मधुमेहाने ज्याचे पाय बधिर झाले आहेत, त्याच्या बाबतीत हा दाखला फिका पडतो. चपलेतला खिळा दिवसभर रुतत राहतो आणि त्याला त्याची वार्ताही नसते.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी घरात झाला. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करताना त्यांनी दाखवून दिले की, बोटे झडतात ती मांस आपोआप कुजल्याने नव्हे, तर वेदना हरपल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांच्या कामी आले. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ते म्हणत.

जखम झाली म्हणजे पाय जातोच असे नाही. पायाचा रक्तपुरवठा रोडावणे, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचणे, मूत्रपिंडांचा विकार, धूम्रपान, पूर्वी एखादे बोट कापलेले असणे आणि उपचारांस झालेला विलंब यांमुळे तो धोका वाढतो. आपण मात्र पाय कापल्याचे ऐकताच म्हणतो, "पथ्य पाळले नाही, आता भोगतो आहे." जन्मांधाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, हेच विचारले होते. प्रभूने तो हिशेब मान्य केला नाही.

मग रुग्णावर काहीच जबाबदारी नाही काय? अवश्य आहे. तंबाखू सोडणे, औषध वेळेवर घेणे हे त्याच्या हाती आहे. परंतु जी जखम त्याला जाणवत नाही आणि अधू दृष्टीमुळे दिसतही नाही, तिचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी कसा मारावा? त्याच्या नसांनी सोडलेले काम घरच्यांच्या डोळ्यांनी करावयाचे असते.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते आपण उपदेशात वारंवार ऐकतो. आज रात्री आपल्या मधुमेही पित्याचे किंवा मातेचे पाय हाती घ्या. तळवे व बोटांच्या बेचक्या न्याहाळा. लाली, सूज, फोड, काळा डाग वा ओल दिसली तर "दुखत नाही ना?" एवढेच विचारून थांबू नका, विनाविलंब डॉक्टरांकडे न्या. मंदिराच्या दाराशी चपला काढावयाची रीत असेल, तर अशा बांधवाला ती माफ करा. तापलेली फरशी त्याला कळणार नाही.

त्याच्या पायाला जे कळत नाही ते तुम्हांला कळले, तर पौलाचा दाखला खरा ठरला म्हणावयाचा.